शेवटच्या दर्शनाची नोंद

इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातील रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली वसंताच्या खुणा टिपून ठेवण्यास आरंभ केला. कोणत्या झाडाला पालवी केव्हा फुटली, पहिली भिंगरी कोणत्या दिवशी दिसली, असा तो साधा रोजमेळ होता. त्याच्या वंशजांनी तो १९५८ पर्यंत चालविला. एका घराण्याने दोन शतकांहून अधिक काळ केलेली ही प्रतीक्षा वाचताना आम्हांला जाणवते ती एक गोष्ट: ही सारी आगमनाची नोंद आहे.

मार्शमचा समकालीन गिल्बर्ट व्हाइट याच्या सेलबर्नविषयीच्या ग्रंथाला (१७८९) इंग्रजी गद्यात मानाचे स्थान आहे. भिंगऱ्या केव्हा येतात हे त्याला नेमके ठाऊक होते. त्या हिवाळ्यात कोठे जातात, हा मात्र त्याला आयुष्यभर छळणारा प्रश्न. जिब्राल्टरला असलेल्या भावाने पक्ष्यांचे थवे सामुद्रधुनी ओलांडताना पाहिले होते. तरीही काही भिंगऱ्या जवळपासच कोठे तरी दडून निद्रिस्त राहत असाव्यात, ही शंका व्हाइटने अखेरपर्यंत सोडली नाही. उत्तर मिळाले ते पायातल्या कड्यामुळे. मे १९११ मध्ये स्टॅफर्डशरमधील जॉन मेसफील्ड (कवी मेसफील्ड वेगळे) यांनी एका भिंगरीच्या पायात कडे अडकविले. डिसेंबर १९१२ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली.

युरोपात वसंत पाखरे घेऊन येतो. आपल्याकडे तो बहुतांशी त्यांना घेऊन जातो. पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर कलकलाट करणाऱ्या भोरड्या एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाची वाट धरतात; धोबी, भिंगऱ्या, बदके, पट्टकादंब असे हिवाळी पाहुणे एकामागून एक उत्तरेकडे निघतात. दख्खनचा वसंत हा पक्ष्यांच्या दृष्टीने निरोपाचा ऋतू आहे, आणि निरोपाची नोंद करणे हे मुळातच अवघड काम. पहिला पक्षी दिसला की त्याच क्षणी कळते. शेवटचा पक्षी शेवटचा होता, हे मात्र तो गेल्यानंतर, पुढचे कित्येक दिवस रिकामे गेल्यावरच उमगते.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे ‘मेघदूता’तील राजहंस आठवल्यावाचून राहत नाहीत. कमळाच्या देठांची शिदोरी चोचीत घेऊन कैलासापर्यंत मेघाची सोबत करणारे, मानसाकडे निघालेले ते हंस. हा हंस नेमका कोणता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो पट्टकादंब मानला, तर एक अडचण उभी राहते. हा पक्षी तिबेटातील सरोवरांकाठी वीण करतो खरा; पण आषाढ उजाडण्याच्या कितीतरी आधीच तो आपले जलाशय सोडून गेलेला असतो. पावसाळ्यात हंसांनी मानसाकडे जाणे हा पुढे रूढ कविसमयच ठरला. महिन्याच्या हिशेबात तो पक्ष्यांच्या वेळापत्रकाशी जुळत नसेल. पण दिशा अचूक आहे. हे पक्षी हिमालय ओलांडून जातात, हे परंपरेला ठाऊक होते. त्यांच्या पाठीवर बसविलेल्या यंत्रांनी अलीकडे ७,२९० मीटर इतकी उंची नोंदविली, तेव्हा त्या जुन्या ज्ञानाला आकड्यांची जोड मिळाली, एवढेच.

आधुनिक नोंदीचा आपल्याकडील मोठा टप्पा म्हणजे सलीम अली यांच्या पुढाकाराने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून हाती घेतलेला कडी अडकविण्याचा प्रकल्प. त्याला जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य लाभले. कारण कर्नाटकातील क्यासनूर जंगलातील तापाचा स्थलांतरित पक्ष्यांशी संबंध असावा, असा त्या काळी संशय होता. म्हणजे पाखरे कोठे जातात हा प्रश्न येथे काव्यातून नव्हे, तर रोगाच्या भयातून नव्याने विचारला गेला! भरतपूरला कडे चढविलेली बदके पुढे सायबेरियात सापडली. २००७ साली बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून सुरू झालेल्या ‘मायग्रंटवॉच’ या उपक्रमाने सामान्य निरीक्षकांना या कामात सामील करून घेतले आणि पहिल्या दर्शनाबरोबर शेवटच्या दर्शनालाही नोंदवहीत जागा दिली.

या दुसऱ्या रकान्याचे मोल आम्हांला उशिरा कळले. गावालगतच्या तलावावर आम्ही काही वर्षे हौसेने जात असू. त्या वह्या आता चाळताना दिसते की, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पाने भरगच्च आहेत आणि मार्चनंतर परीक्षांचे दिवस सुरू होताच वही कोरी आहे. पाखरे आली, हे आम्ही उत्साहाने लिहिले. ती कधी गेली, हे लिहिलेच नाही. परिणामी ती आमच्याकडे किती दिवस राहिली, हे सांगण्याचे साधन आमच्यापाशी नाही. उन्हाळा आता लवकर तापतो, पक्षीही लवकर निघतात काय, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला तर आमची वही त्याला उत्तर देऊ शकत नाही.

वस्तुतः ते उत्तर मिळवायला फारसे काही लागत नव्हते. तलावावर जायचे आणि दिसले नाहीत तर ‘आज दिसले नाहीत’ एवढे तीन शब्द लिहून परतायचे. काहीही न दिसलेल्या दिवसालाही तारीख असते. यंदा मार्च संपल्यावरही वही बंद करायची नाही, असे आम्ही ठरविले आहे.