मल्लाचा खांब, बर्लिनचे मैदान

उन्हाळ्यात बर्फ नसे, म्हणून फिनलंडचे स्कीपटू काठ्या घेऊन चालण्याचा सराव करीत. त्यातूनच नॉर्डिक वॉकिंग रूढ झाले. त्याहून अवघड पायरी चाके लावलेल्या रोलर-स्कीची. मल्लखांबही अशाच उणिवेवरचा उपाय होता : जोडीदार नसला, तरी मल्लाने खांबाशी झुंजावे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ती जोपासली आणि १९३६ साली ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनमध्ये कबड्डीसह जगापुढे मांडली. कुस्तीच्या पूर्वतयारीचा तो खांब एका परतंत्र देशाच्या व्यायामपरंपरेची ओळख ठरला.