निर्मलकरांच्या यात्रेच्या गाडीतली दुसरी बॅटरी

निर्मलला रेल्वे नाही. बासरला आहे, आदिलाबादला आहे, पण आपल्या गावाला आजतागायत रूळ लागले नाहीत. त्यामुळे इथल्या मराठी घरांच्या प्रवासाचा इतिहास म्हणजे रस्त्याचा आणि गाडीचाच इतिहास. त्यातली एक छोटी गोष्ट कुणी लिहून ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही, म्हणून लिहितो.

निजामाच्या राज्यात सरकारी बससेवा जून 1932 मध्ये सुरू झाली, 27 गाड्यांनी. तेव्हा नांदेड आणि आदिलाबाद एकाच राज्यातले शेजारी जिल्हे. मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं आंध्र प्रदेशात आली. आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके आणि इस्लापूर मंडळ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं. राज्यं बदलली, सोयरीक कशी बदलणार? आत्या भोकरला, मामांचं गाव नांदेडजवळ, कुलदैवत माहूरची रेणुका, वारी पंढरीची, आणि आपण इकडे. लग्न असो की यात्रा, सगळं बिऱ्हाड गाडीत घालूनच निघायचं.

ऐंशीच्या दशकात आमच्या काकांनी जुनी मॅटाडोर घेतली. मागची बाकं काढून फळ्या ठोकल्या, त्यावर सतरंज्या, कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याची कळशी. 'कॅम्पर व्हॅन' हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. ती 'यात्रेची गाडी'. रात्री मुक्कामाला एक दिवा, एक छोटा पंखा आणि भजनाच्या कॅसेटचा टेप, सगळं इंजिनाच्याच बॅटरीवर. पहाटे सेल्फ मारला की नुसतं 'टक्'. मग आजोबा सोडून सगळे धक्का मारायला खाली.

25 जानेवारी 1987 ला 'रामायण' सुरू झालं आणि या बॅटरीला नवीन काम लागलं. रविवारी सकाळी मामांच्या गावी वीज हमखास जायची. बारा व्होल्टवर चालणारा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता. लोक ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे. आम्ही गेलो की मॅटाडोरची. पंगतीसारखं अख्खं गाव बसायचं, आणि नंतर तेच गाव गाडी ढकलायचं!

यावर तोड काढली आमच्या हायवेवरच्या मिस्त्रींनी. नागपूर–हैदराबाद रस्ता, तेव्हाचा सात नंबर, आताचा 44, निर्मलवरून जातो. ट्रकांमुळे इथे ऑटो-इलेक्ट्रिशियन पहिल्यापासून भरपूर. मिस्त्री दखनीत काकांना समजावून सांगत, की इंजिनाचा वाटा वेगळा ठेवा आणि घराचा वेगळा. त्यांनी दुसरी बॅटरी बसवली. तिच्यासाठी सागवानी पेटी केली आणि पेटीला बाहेरच्या बाजूने भोकं पाडली, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो झोपायच्या जागेत साठता कामा नये. मधे एक मोठा स्विच. गाडी चालू असली की दोन्ही जोडायच्या, मुक्काम आला की तोडायच्या. तो स्विच फिरवणं हे काकूंचं काम. आरतीइतकंच नेमाने व्हायचं.

मिस्त्रींचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. शिशाची बॅटरी प्लांते या फ्रेंच माणसाने 1859 मध्ये केली. 1912 च्या कॅडिलॅकपासून ती इंजिन सुरू करायच्या कामाला लागली. या कामाच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात. दोन सेकंद प्रचंड करंट द्यायचा आणि लगेच परत भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. रात्रभर हळूहळू रिकामी केली की ती लवकर मरते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी जाड प्लेटांची, तिला ते झेपतं.

आज हे सगळं आठवायचं कारण बाबा. वय ऐंशी, झोपेत श्वास अडकतो, म्हणून रात्री मशीन लावावं लागतं. आषाढीला पंढरपूरला गाड्या गावाबाहेर लावाव्या लागतात, तिथे प्लग कुठला? बाबांनी जवळजवळ वारी सोडली होती. भाच्याने हिशोब मांडला. मशीन, पाणी तापवायचा भाग बंद ठेवून, साधारण 40 वॅट, आठ तास म्हणजे 320 वॅट-तास. पंखा 160, दिवे 20. एकूण 500. शंभर अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी म्हणजे 1200, पण निम्मीच वापरायची; एक रात्र निघते. तेवढीच लिथियम फॉस्फेटची 1280, त्यातली 80 टक्के बिनघोर वापरता येते; दोन रात्री. वजनही निम्म्याहून कमी. आता काकूंच्या स्विचच्या जागी डीसी-डीसी चार्जर आहे. 30 अँपिअरचा असला तर एका रात्रीचा खर्च दीड-दोन तासांत भरून निघतो, म्हणजे निर्मलहून निघाल्यावर नांदेड यायच्या आत.

दोन गोष्टी मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. वायर जाड हवी आणि दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज हवाच. आणि इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून गाडीत झोपू नका. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं गेली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. त्या वायूला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. दुसऱ्या बॅटरीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच, इंजिन बंद ठेवून झोपता येतं.

बाबा यंदा वारीला जाऊन आले. दोन रात्री गाडीत झोपले, आणि तिसऱ्या दिवशी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

निर्मल, भैंसा, मुधोळकडच्या कुणाकडे अशा यात्रेच्या गाड्यांचे जुने फोटो असतील, विशेषतः आतले, तर जरूर पाठवा. लाकडी पेटी दिसली तर सोन्याहून पिवळं!