धूळपाटी, पंगत आणि मोबाइलचा पडदा : एकत्र शिकण्याचा सातारी इतिहास

१. मार्च २०२०. देशभर टाळेबंदी लागू झाली आणि महाविद्यालयांची दारे मिटली. सातारा जिल्ह्यातील कोरेगावात रयत शिक्षण संस्थेचे डी. पी. भोसले महाविद्यालय आहे. तालुक्याच्या गावातील अशा महाविद्यालयांत आसपासच्या खेड्यांतून मुलेमुली एसटीने येतात. वह्यांची देवाणघेवाण, न समजलेल्या गणिताची उकल, परीक्षेचा धीर हे सारे वर्गाइतकेच थांब्यावर आणि कट्ट्यावरही घडत असते. टाळेबंदीत तास मोबाइलवर आला. ही देवाणघेवाण मात्र त्याच्यामागोमाग आपोआप आली नाही.

२. म्हणून एक जुना प्रश्न पुन्हा विचारण्याजोगा ठरतो. विद्यार्थी एकमेकांच्या साह्याने शिकतात ते कशामुळे? एका छताखाली बसतात म्हणून, की आणखी कशामुळे? याचे उत्तर शोधण्यासाठी सातारा जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास उपयोगी पडतो. त्याआधी थोडे मागे जाऊ.

३. पंतोजींच्या गावठी शाळेत एकच शिक्षक असे आणि मुले निरनिराळ्या वयांची असत. थोरली मुले धाकट्यांची अक्षरे गिरवून घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली. ती रीत त्याने उचलली, मुलांकडूनच मुलांना शिकवण्याची व्यवस्था लावली आणि १७९७ साली लंडनमध्ये तिचा वृत्तांत छापला.

४. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टरनेही लंडनमध्ये अशीच पद्धत चालवली. थोड्या खर्चात पुष्कळ मुले शिकू लागल्याने ती जगभर पसरली. तिच्यात एक उणीव होती. ज्ञान वरून खाली, एकाच दिशेने वाहत होते. थोरला सांगे आणि धाकटा घोकी. धाकट्याच्या कामावाचून थोरल्याचे काही अडत नव्हते. यास साह्य म्हणता येईल; सहकार्य म्हणणे कठीण आहे.

५. आता साताऱ्याकडे येऊ. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कराडजवळील काले येथे भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले.

६. त्या काळी पाणवठे वेगळे, पंगती वेगळ्या. अशा काळात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुले एका पंगतीत जेवू लागली. केवळ उपदेशाने हे साधणे अवघड होते. भाऊरावांनी उपदेशाला कामाची जोड दिली. दळण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट, शेतीची कामे ही सारी मुलांनीच करायची आणि ती आपसात वाटून घ्यायची.

७. या वाटणीत मर्म आहे. दळणाऱ्याने दळले नाही तर भाकरी थापणाऱ्याचे हात रिकामे राहतात आणि सर्वांचीच पंगत उपाशी राहते. कोणाचे काम झाले व कोणाचे राहिले, हे सांगायला पर्यवेक्षक लागत नाही. दुसऱ्याच्या जिवावर बसून खाणारा लगेच दिसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आजारी पडून किंवा घरच्या ओढीने मागे राहिलेला मुलगाही लगेच दिसतो. पंगतीतली रिकामी जागा लपत नाही.

८. ही व्यवस्था फुकट उभी राहिली नाही. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले. मंगळसूत्रही राखले नाही. १९३० साली त्या वारल्या. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ या संस्थेच्या बोधवाक्यामागे हा त्याग आहे. येथे स्वावलंबन म्हणजे एकेकट्याने निभावणे नव्हे. सर्वांनी मिळून सर्वांचा भार उचलणे, असा त्याचा अर्थ होता.

९. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणात आले. ज्यांच्या घरात आधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, अशी मुले पदवीपर्यंत पोहोचू लागली. भाऊरावांच्या वसतिगृहात घडलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

१०. सातारच्या वसतिगृहाने जे व्यवहारात आणले, त्याची शास्त्रीय मांडणी पुढे अमेरिकेत झाली. १९४९ साली मॉर्टन डॉइश या मानसशास्त्रज्ञाने परस्परावलंबनाचा सिद्धान्त मांडला. दुसऱ्याच्या यशावाचून आपले यश अपुरे राहते, असे जेथे असते तेथे माणसे सहकार्य करतात, असा त्याचा आशय आहे.

११. १९७१ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे गोऱ्या व काळ्या मुलांचे वर्ग नुकतेच एकत्र झाले होते आणि वर्गांत वैर धुमसत होते. एलियट ॲरॉन्सन यांनी धड्याचे तुकडे केले. प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा. तो त्याने इतरांना समजावून सांगायचा. त्याखेरीज कोणालाच पूर्ण धडा मिळणार नाही. जातीच्या जागी वर्ण आणि पिठाच्या जागी पाठ, एवढाच काय तो फरक.

१२. दूरशिक्षणाला हा प्रश्न सुरुवातीपासूनच छळत आला. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ साली अध्यापन सुरू केले तेव्हा नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि टपाल यांच्या जोडीला उन्हाळी निवासी वर्गही ठेवले. महाराष्ट्रात १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला स्थापन झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. पुस्तके घरी गेली, तरी अभ्यासकेंद्रे आणि संपर्कसत्रे ठेवावीच लागली. घरोघरी विखुरलेल्या विद्यार्थ्याला सोबतीची गरज होती.

१३. २०२० च्या ऑनलाइन वर्गात चित्र उलटे झाले. पडद्यावर सगळे हजर, आणि तरीही प्रत्येक जण एकटा. कॅमेरा बंद, आवाज बंद. घरात एकच मोबाइल, त्यावर दोन भावंडांचे तास. एखादी विद्यार्थिनी आठवडाभर दिसली नाही तरी यादीतले नाव तसेच राहते. शिकणाऱ्या पहिल्या पिढीतील मुलीचे शिक्षण असे निमूटपणे सुटू शकते, आणि ते सुटल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

१४. ‘गट करा, चर्चा करा’ एवढ्या सूचनेने हे बदलत नाही. काम असे द्यावे लागते की एकट्याने ते पुरे होऊच नये. विषय घ्या : १८४८ साली सातारचे राज्य खालसा कसे झाले? चौघांचा गट. एकीने १८३९ ची प्रतापसिंह महाराजांची पदच्युती अभ्यासावी, दुसऱ्याने रंगो बापूजींची लंडनमधील वकिली, तिसरीने दत्तकास नकार देणारे डलहौसीचे धोरण, चौथ्याने साताऱ्यातील १८५७ चा उठाव.

१५. प्रत्येकाने आपला भाग उरलेल्या तिघांना समजावून सांगावा. तास चुकला तर ध्वनिमुद्रित संदेश पाठवावा. शेवटी शिक्षकाने कोणालाही दुसऱ्याच्या भागावर प्रश्न विचारावा. गुण अंशतः स्वतःच्या कामाचे, अंशतः गटाचे. गट लहान आणि सत्रभर तोच असावा, म्हणजे ओळख वाढते. आणि ‘आज कोण आले नाही, त्याला फोन कोणी करायचा’ हेही वाटून दिलेले काम असावे.

१६. बेलच्या शाळेत मुले एकाच छताखाली होती, तरी साह्य एकाच दिशेने गेले. सातारच्या वसतिगृहात छतासोबत वाटून घेतलेले काम होते, म्हणून जातींनी विभागलेली मुले एकमेकांची झाली. छप्पर नसले तरी काम वाटून घेता येते. कोरेगावच्या आसपासच्या एखाद्या वाडीत मोबाइल हातात धरून बसलेल्या विद्यार्थ्याला, आपल्या वाट्याच्या दळणाची कोणी तरी वाट पाहत आहे, एवढे कळले पाहिजे.