डेकूपाज

डेकूपाज : छापील कागदी चित्रे कातरून लाकडी वा अन्य पृष्ठभागावर चिकटवण्याची आणि त्यांवर रोगणाचे थर चढवून ती रंगवल्यासारखी भासवण्याची सजावटकला. कातरून वेगळे काढणे या अर्थाच्या ‘देकुपे’ या फ्रेंच क्रियापदावरून हे नाव आले. खोकी, तबके, दिव्यांच्या छत्र्या यांवरही हे काम करतात. तथापि साध्या लाकडाच्या फर्निचरला थोड्या खर्चात भारी रूप देण्याच्या गरजेतूनच ही कला वाढली.

इतिहास : सतराव्या शतकात चीन व जपानमधील लॅकरकामाच्या वस्तूंना यूरोपात मोठी मागणी आली. हे लॅकर पूर्व आशियातील एका वृक्षाच्या चिकापासून बनते. कीटकजन्य भारतीय लाखेहून ते वेगळे. तो चीक यूरोपात मिळत नसल्याने तेथील कारागीर अन्य रोगणे वापरून त्याची नक्कल करू लागले. चित्रकाराकडून कपाट हाताने रंगवून घेणे खर्चाचे असल्याने अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये ‘लाका पोवेरा’ म्हणजे ‘गरीब लॅकर’ ही पद्धत रुळली. हलक्या लाकडावर खडू व सरस यांचे अस्तर देऊन रंग लावत. त्यावर छापील चित्रे हाताने रंगवून, कातरून चिकटवत आणि वरून सँडरॅक या राळेच्या रोगणाचे हात देत. व्हेनिसजवळच्या बासानो येथील रेमोंदिनी मुद्रणालय कातरकामासाठीच खास चित्रांचे ताव छापत असे.

इंग्लंडमध्ये हा घरगुती छंद झाला. लंडनच्या रॉबर्ट सेयर या प्रकाशकाने सुमारे १७६० मध्ये काढलेल्या ‘द लेडीज अम्यूझमेंट’ या पुस्तकात २०० ताम्रपटांवर दीड हजारांहून अधिक आकृत्या होत्या; त्यांत झां पिलमां याच्या चिनी धाटणीच्या आकृत्याही होत्या. एकोणिसाव्या शतकात रंगीत शिलामुद्रणामुळे चित्रे स्वस्त झाली आणि त्यांनी मढवलेले घडीचे पडदे लोकप्रिय झाले. काटकसरीतून निघालेले व्हेनिसचे जुने नमुने आता संग्राहकांच्या दृष्टीने मोलाचे ठरले आहेत.

पृष्ठभाग : पाइनचे स्टूल, प्लायवूडचा चौरंग, एमडीएफची तिपाई किंवा जुन्या टेबलाचे खण यांसाठी हे काम सोयीचे. भेगा व खिळ्यांची भोके लांबी भरून बुजवतात, पॉलिश पेपरने घासतात, प्राइमर लावून रंगाचे दोन हात देतात. सनमायकाच्या गुळगुळीत पृष्ठावर डिंक धरत नाही; तो आधी घासून खरबरीत करावा लागतो. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासणे टाळावे.

कागद : भेटवस्तूंचे वेष्टन, जुनी कॅलेंडरे, नकाशे व कागदी नॅपकिन ही स्वस्त साधने होत. नॅपकिनचा फक्त छापील पदर सोडवून घेतात. मासिकाचा पातळ कागद ओला झाला की मागचा मजकूर वर उमटतो. इंकजेट छपाईची शाई डिंकाने फुटते, लेझर छपाईची सहसा टिकते. त्यामुळे मोलाचे चित्र न कापता त्याची लेझर प्रत वापरता येते.

कृती : चित्राच्या आतील पोकळ्या आधी कापतात, बाहेरची कड शेवटी. कात्री जागीच धरून कागद फिरवला की वळण सफाईदार येते. नाजूक देठांच्या मध्ये कागदाचे लहान दुवे राखून ते चिकटवण्याच्या वेळी कापतात. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या डिंकात थोडे पाणी घालून तो पृष्ठभागावर व चित्राच्या पाठीवर लावतात. ओला कागद ताणला जातो आणि त्याखाली हवा अडकते. म्हणून चित्र मध्यापासून कडांकडे दाबत न्यावे आणि जादा डिंक ओल्या स्पंजने टिपावा. सुकल्यावर फुगा दिसल्यास पात्याने बारीक चीर देऊन आत डिंक सोडतात. खणाच्या फटीवर येणारे चित्र चिकटून सुकल्यावर पात्याने फटीबरोबर कापतात, नाहीतर खण उघडताना ते फाटते.

रोगण : पारंपरिक कामात रोगणाचे वीस-तीस किंवा त्याहूनही अधिक हात देत आणि काही थरांनंतर बारीक पॉलिश पेपरने घासत. कडेवरून नख फिरवल्यावर ते अडखळले नाही, म्हणजे काम पुरे झाले. घरगुती कामात पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक रोगणाचे चार-पाच हात पुरतात, मात्र कड किंचित जाणवते. तैलरोगण अधिक कणखर असले तरी कालांतराने पिवळते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, थर सुकण्यास वेळ लागतो आणि स्पिरिटच्या रोगणावर पांढुरकी झाक येते. म्हणून हे काम कोरड्या दिवसांत करावे.

खर्च व मर्यादा : काटकसर कागदात करावी, रोगणात नव्हे, पातळ थराखालचा कागद वापराने लवकर झिजतो. संपूर्ण कपाट मढवण्याऐवजी खणांचे दर्शनी भाग किंवा तिपाईचा माथा सजवून उरलेला भाग एकरंगी ठेवल्यास कागद कमी लागतो आणि चित्रही उठून दिसते. सजवलेल्या पृष्ठावर गरम भांडे ठेवू नये. ओल्या फडक्याने हलकेच पुसून लगेच कोरडे करावे. जुन्या सागवानी वा शिसवी फर्निचरवर डेकूपाज करू नये, कारण ते काढताना मूळ पॉलिश खराब होते.