निअर फील्ड कम्युनिकेशन (एनएफसी)

काही सेंटिमीटर अंतरावर आणलेल्या दोन उपकरणांमध्ये चुंबकीय क्षेत्रामार्फत माहितीची देवघेव करण्याचे तंत्र. ते १३.५६ मेगाहर्ट्‌झ या वारंवारतेवर चालते आणि व्यवहारात त्याचा पल्ला चार सेंटिमीटरांच्या आसपास असतो. दुकानातल्या यंत्राला बँकेचे कार्ड टेकवून बिल चुकते करणे, मेट्रोच्या फाटकावर कार्ड लावून आत शिरणे, हॉटेलच्या खोलीचे दार कार्डाने उघडणे ही त्याची रोजच्या पाहण्यातली रूपे. बोलताना हे लांबलचक नाव कोणी घेत नाही, ‘टॅप करा’ एवढ्यावर भागते. प्रत्यक्षात टेकवण्याचीही गरज नसते, अगदी जवळ धरले तरी पुरते.

हे तंत्र आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी ओळख पटवण्याच्या तंत्रांच्या, मोठ्या कुटुंबातले. गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही त्याच कुटुंबातला, पण तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतो आणि टोलनाक्यावरच्या अँटेनाला कित्येक मीटरांवरून ओळखू येतो. एनएफसीला लांबचे ओळखता येऊ नये अशीच त्याची घडण आहे. दुसरा फरक असा, की एनएफसी असलेला फोन कधी वाचणारा होतो, तर कधी स्वतःच कार्ड बनतो.

कार्यपद्धती : वाचणाऱ्या यंत्रात तारेचे एक वेटोळे असते. त्यातून वाहणारा प्रवाह सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तने करतो आणि वेटोळ्याभोवती तितक्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे २२ मीटर. तरंगलांबीच्या साधारण एकषष्ठांश, म्हणजे साडेतीन मीटरांच्या आतला प्रदेश ‘निकट क्षेत्र’ मानला जातो. तिथली बहुतेक ऊर्जा लहरी होऊन दूर निघून जात नाही, वेटोळ्याभोवतीच घुटमळते. म्हणून एनएफसीला रेडिओपेक्षा ट्रान्सफॉर्मरचे भावंड म्हणणे अधिक बरोबर. वेटोळ्याच्या आकारापेक्षा लांब गेले की हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते : अंतर दुप्पट, तर क्षेत्र एक अष्टमांश. चार सेंटिमीटरांवर बिनचूक चालणारे कार्ड हातभर अंतरावर मुके होते ते यामुळे. १३.५६ मेगाहर्ट्‌झ हा आकडा निवडण्यामागे मात्र भौतिकशास्त्रापेक्षा सोय जास्त आहे. औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय कामांसाठी जगभर मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांपैकी हा एक, त्यामुळे वेगळा परवाना लागत नाही.

कार्डात बॅटरी नसते. प्लॅस्टिकच्या थरांमध्ये, बहुधा कडेकडेने, तारेचे मोजके वेढे दाबून बसवलेले असतात. एनएफसीचे पातळ स्टिकर उजेडासमोर धरले तर हे वेढे आणि मधली तिळाएवढी चिप सहज दिसते. अशा स्टिकरमधल्या एका प्रचलित चिपमध्ये सुमारे ५० पिकोफॅरडचे धारित्र असते. त्याला पावणेतीन मायक्रोहेन्रीच्या आसपासचे वेटोळे जोडले की दोघांची जोडी नेमकी १३.५६ मेगाहर्ट्‌झला अनुस्पंदित होते. यंत्राच्या क्षेत्रात आल्याबरोबर वेटोळ्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो, त्यावर चिप जागी होते आणि आपले घड्याळही त्याच क्षेत्राच्या आवर्तनांवर चालवते.

ज्याच्याकडे स्वतःची वीज नाही ते कार्ड उत्तर कसे देते, हा या तंत्रातला सर्वांत देखणा भाग. कार्ड वेगळे काहीच प्रक्षेपित करत नाही. ते आपल्या वेटोळ्यावरचा विजेचा भार ठरावीक लयीत वाढवते आणि कमी करते. शेजारच्या खोलीत मिक्सर लावला की आपल्याकडचा दिवा किंचित मंदावतो, तसा या भाराचा परिणाम यंत्राच्या वेटोळ्यावर उमटतो. हा बदल अगदी बारीक असतो. यंत्राच्या स्वतःच्या दणदणीत क्षेत्रात तो हरवू नये म्हणून भाराची उघडझाप मूळ वारंवारतेच्या एकसोळांश, म्हणजे सुमारे ८४७.५ किलोहर्ट्‌झ गतीने केली जाते. त्यामुळे उत्तराचा संकेत मूळ वारंवारतेच्या जरा बाजूला पडतो आणि यंत्राला तो वेगळा काढता येतो.

या साऱ्या यंत्रणेचा शत्रू म्हणजे धातू. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूच्या पत्र्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ते मूळ क्षेत्रालाच विरोध करतात. फोनमध्ये वेटोळे आणि बॅटरी यांच्यामध्ये फेराइटचा पातळ तक्ता असतो तो यासाठीच. फोनला धातूचे कव्हर घातल्यावर टॅप चालेनासे होण्याचे कारणही हेच. ‘माझ्या फोनला टॅप होत नाही’ ही तक्रार मात्र पुष्कळदा फोनची चुकीची बाजू पुढे केल्यामुळे असते. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये वेटोळे पाठीमागे कॅमेऱ्याच्या जवळपास असते, आयफोनमध्ये वरच्या कडेला.

एकाच वेळी दोन कार्डे क्षेत्रात आली तर ती वेगळी ओळखण्याची सोय नियमांतच आहे. यंत्र त्यांचे क्रमांक टप्प्याटप्प्याने विचारत एकेकाला बाजूला काढू शकते. पैशांच्या व्यवहारात मात्र मुद्दाम हे टाळतात. कोणत्या कार्डातून पैसे जावेत हे यंत्राने ठरवू नये, म्हणून ते ‘एकच कार्ड दाखवा’ असे सांगून थांबते. सगळे पाकीटच यंत्रावर आपटणाऱ्यांचा खोळंबा होतो तो इथे.

वेगाच्या बाबतीत एनएफसी मंदच. १०६, २१२ आणि ४२४ किलोबिट प्रतिसेकंद हे त्याचे नेहमीचे दर. तीन मेगाबाइटचा एक फोटो कमाल दराने पाठवायचा तरी जवळजवळ एक मिनिट फोनला फोन चिकटवून उभे राहावे लागेल. म्हणून अँड्रॉइड बीम या सुविधेत एनएफसी दोन फोनची नुसती ओळख करून देई आणि फोटो ब्लूटूथवरून जाई. २०११ मध्ये आलेली ही सुविधा २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून मोडीत निघाली.

इतिहास : ‘आरएफआयडी’ हे नाव असलेले पहिले पेटंट चार्ल्स वॉल्टन या अमेरिकन संशोधकाला १९८३ मध्ये मिळाले. एनएफसीचे थेट पूर्वज मात्र दोन. ऑस्ट्रियातील मिक्रॉन या कंपनीचे मायफेअर कार्ड, जे कंपनी विकत घेतल्यावर फिलिप्सकडे आले. आणि जपानच्या सोनीचे फेलिका, ज्यावर १९९७ मध्ये हाँगकाँगचे ऑक्टोपस हे प्रवासकार्ड सुरू झाले. म्हणजे हे तंत्र वाढले ते बँकांमध्ये नव्हे, बस-आगगाडीच्या गर्दीत. २००२ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांनी दोन्ही पद्धतींना सामावणारे समाईक तंत्र बनवायचे ठरवले, २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक मंजूर झाले आणि २००४ मध्ये नोकियाला सोबत घेऊन एनएफसी फोरमची स्थापना झाली.

त्यानंतरची जवळपास दहा वर्षे तंत्र तयार असूनही वाया गेली, आणि त्याला अभियंते जबाबदार नव्हते. पैशांच्या व्यवहाराची गुप्त किल्ली फोनमध्ये नेमकी कुठे ठेवायची, यावर भांडण होते. मोबाइल कंपन्यांना ती सिमकार्डात हवी होती, फोन बनवणाऱ्यांना आपल्या चिपमध्ये, आणि बँकांना कोणालाच भाडे द्यायचे नव्हते. २०१३ मध्ये गुगलने अँड्रॉइड ४.४ मध्ये अशी सोय केली, की फोनमधले साधे ॲपही कार्डाचे सोंग घेऊ शकेल. सिमची अट संपली. ऑक्टोबर २०१४ मध्ये ॲपलने आयफोन ६ बरोबर ॲपल पे आणले, तेही किल्ली स्वतःच्या चिपमध्ये ठेवून. मग कोंडी फुटली.

भारतातील वापर : बँकेच्या कार्डावर चार वक्र रेषांचे चिन्ह असेल तर ते टॅपने चालते. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये पिनशिवाय २,००० रुपयांपर्यंतच्या टॅप व्यवहारांना मुभा दिली आणि १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा ५,००० रुपये केली. नव्या कार्डावर ही सोय मुळात बंद असते, ग्राहकाने बँकेच्या ॲपमधून ती सुरू करायची असते. पुष्कळांना हे माहीत नसते आणि दोष दुकानदाराच्या यंत्राला मिळतो.

४ मार्च २०१९ रोजी नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाचे उद्घाटन झाले. एकाच कार्डावर कुठल्याही शहरातली मेट्रो, बस, पार्किंग चालावे ही त्यामागची कल्पना. पुणे आणि मुंबईच्या मेट्रोत ही कार्डे चालतात. यातला प्रवासाचा पैसा बँकेच्या खात्यात नसून कार्डावरच्या चिपमध्ये असतो, कमाल २,००० रुपये. फाटकाला बँकेशी बोलायला वेळ नसतो. मागे रांग असते आणि अर्ध्या सेकंदात झडप उघडायची असते. म्हणून हिशेब फाटक आणि चिप यांच्यातच मिटतो. त्याचा एक परिणाम नवख्या प्रवाशाला गोंधळात टाकतो. ॲपवरून रिचार्ज केले तरी कार्ड स्टेशनवरच्या यंत्राला किंवा एनएफसी असलेल्या फोनला लावेपर्यंत ती रक्कम चिपवर उतरत नाही. दुसरा परिणाम अधिक कडू. कार्ड हरवले तर चिपमधले पैसे सहसा खिशातून पडलेल्या नोटांसारखेच जातात.

दुकानातल्या लहानसहान व्यवहारांत मात्र भारतात एनएफसीला क्यूआर कोडने मागे टाकले. कारण उघड आहे. वडापावच्या गाडीवर चिकटवलेल्या कागदाला वीज लागत नाही, यंत्राचे भाडे नसते आणि ग्राहकाचा स्वस्तातला फोनही तो वाचतो. एनएफसीसाठी दोन्ही बाजूंना महागडे साहित्य हवे. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या यूपीआय लाइट एक्स या सुविधेत दोन फोन जवळ आणून नेटवर्कशिवाय पैसे देता येतात. भुयारी मेट्रोत किंवा घाटात तिचा खरा उपयोग, पण कागदी क्यूआर हटवण्याइतके बळ तिच्यात दिसत नाही.

इतर उपयोग : भारताच्या ई-पासपोर्टमध्ये याच वारंवारतेची चिप असते; एप्रिल २०२४ पासून नागपूरसह काही शहरांत हे पासपोर्ट प्रायोगिक स्वरूपात दिले जाऊ लागले. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ही चिप कोणी विचारले म्हणून बोलत नाही. आधी पासपोर्ट उघडून आतल्या पानावरच्या यंत्रवाचनीय ओळी वाचाव्या लागतात. क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांतून किल्ली तयार झाल्यावरच चिप माहिती देते. मधुमेहींसाठीच्या, दंडाच्या मागे चिकटवायच्या काही ग्लुकोज-चकत्याही फोन जवळ नेऊन वाचता येतात. अशी एक चकती साधारण चौदा दिवस टिकते. बाजारात मिळणाऱ्या छोट्या स्टिकरांपैकी एका लोकप्रिय प्रकारात वापरण्याजोगी जागा फक्त १४४ बाइट असते. एखादा वेबपत्ता, फोन क्रमांक किंवा घरच्या वायफायचा पासवर्ड मावायला तेवढी पुरते.

सुरक्षितता : ‘चारच सेंटिमीटर चालते, म्हणजे सुरक्षित’ हा सर्वांत पसरलेला गैरसमज. कमी अंतरामुळे एवढेच होते, की धारकाने कार्ड मुद्दाम पुढे केले असावे असे मानता येते. रक्षण करते ते गूढलेखन, आणि ते कच्चे असेल तर जवळीक काही वाचवत नाही. मायफेअर क्लासिकची कथा याचा पुरावा आहे. जगभरच्या प्रवासकार्डांमध्ये वापरलेल्या या चिपची सुरक्षा ४८ बिटांच्या किल्लीवर आणि गुप्त ठेवलेल्या रीतीवर उभी होती. डिसेंबर २००७ मध्ये कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी चिपचे थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती रीत उलगडल्याचे बर्लिनमध्ये दाखवले. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधील नायमेखन येथील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी कार्डाची नक्कल करून दाखवली. फिलिप्सपासून वेगळ्या झालेल्या निर्मात्या एनएक्सपी कंपनीने शोधनिबंध रोखण्यासाठी न्यायालयात धाव घेतली आणि जुलै २००८ मध्ये ती हरली. रीत गुप्त ठेवणे ही सुरक्षा नव्हे, हे त्यामुळे प्रवासी कंपन्यांना भारी किमतीत कळले.

बँकेच्या कार्डात रीत जाहीर असते, गुप्त असते ती फक्त किल्ली, आणि ती चिपबाहेर कधीच पडत नाही. प्रत्येक व्यवहारात यंत्र एक नवा यादृच्छिक आकडा पाठवते. चिप तो, रक्कम आणि स्वतःचा व्यवहार-गणक मिळवून त्या वेळेपुरती सही तयार करते. ही सही चोरली तरी दुसऱ्यांदा चालत नाही. कार्डाचा क्रमांक आणि मुदत मात्र पुष्कळ कार्डांवरून साध्या फोननेही वाचता येतात. फोनवरून टॅप करताना खऱ्या क्रमांकाऐवजी पर्यायी क्रमांक जातो, म्हणून तो मार्ग या बाबतीत सरस. गर्दीच्या लोकलमध्ये कोणी खिशाला यंत्र लावून पैसे काढेल ही भीती अतिरंजित आहे. तसे करायला चोराला स्वतःच्या नावावर तपासणी झालेले व्यापारी खाते लागेल, आणि पैसे कुठे गेले याची नोंद मागे राहील. ॲल्युमिनियमची पाकिटे विकणाऱ्यांना ही भीती सोयीची आहे, एवढेच. वायरलेस चार्जर आणि फोन यांच्यामध्ये कार्ड विसरले तर चिप बिघडू शकते, हा धोका त्यापेक्षा खरा.

खरी चोरी होते ती अंतर लांबवून. एक फोन कार्डाजवळ, दुसरा फोन दूरच्या यंत्राजवळ आणि दोघांमध्ये इंटरनेट असेल तर शेकडो किलोमीटरांवरचे कार्डही यंत्राला जवळच वाटते. ऑगस्ट २०२४ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने एनगेट नावाच्या अशा घातक ॲपची माहिती प्रसिद्ध केली. चेक प्रजासत्ताकात ठगांनी बँकेच्या नावाने लोकांना ते घ्यायला लावले, फोनच्या पाठीला कार्ड टेकवायला आणि पिन टाकायला सांगितले, आणि तिकडे साथीदाराने एटीएममधून पैसे काढले. फोनवरून कोणी कितीही अधिकाराने सांगितले तरी आपले कार्ड आपल्याच फोनच्या पाठीला लावू नये, आणि लावले असेल तर लगेच बँकेला कळवून ते बंद करावे.