गोल्फचा फटका : जोर मनगटाचा नव्हे, क्रमाचा

गोल्फच्या चेंडूचे वजन नियमानुसार ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक असू शकत नाही. अव्वल पुरुष व्यावसायिक खेळाडूच्या 'ड्रायव्हर' या लांब पल्ल्याच्या क्लबचे टोक या चेंडूवर आदळते, तेव्हा त्या टोकाचा वेग ताशी सुमारे १८० किलोमीटर असतो. आघात टिकतो सुमारे ०.०००५ सेकंद. इतक्या अल्प काळात हाताने जास्तीचा जोर लावणे कोणालाही शक्य नाही. फटक्याची ताकद चेंडूला स्पर्श होण्यापूर्वीच ठरलेली असते. मग हा वेग येतो कोठून?

नवशिका खेळाडू तो हातांत शोधतो. क्लबची मूठ घट्ट आवळून, खांद्यांचा सारा जोर लावून तो फटका मारतो आणि चेंडू मात्र थोड्याच अंतरावर पडतो. प्रत्यक्षात या शक्तीची सुरुवात पायांपासून होते. उजव्या हाताने खेळणारा गोल्फपटू क्लब मागे नेताना शरीराचा भार उजव्या पायावर घेतो आणि कंबरेपेक्षा खांदे अधिक वळवतो. त्यामुळे धडाचे स्नायू ताणले जातात. क्लब पुरता मागे पोहोचण्याआधीच भार डाव्या पायाकडे सरकू लागतो. पाय जमिनीला रेटतात, न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार जमीनही तेवढ्याच जोराने उलट रेटा देते आणि त्याच्या आधारे कंबर लक्ष्याच्या दिशेने फिरू लागते.

यापुढचा सारा खेळ क्रमाचा आहे. आधी कंबर, मग धड, त्यानंतर हात आणि सर्वांत शेवटी क्लब. प्रत्येक भाग आपला कमाल वेग गाठून मंदावतो आणि आपली गती पुढच्या, अधिक हलक्या भागाच्या स्वाधीन करतो. शेतातील पाखरे हाकण्यासाठी गोफण फिरवणाऱ्याचा हात फार वेगाने फिरत नाही, पण दगड सुसाट सुटतो; तसेच काहीसे येथे घडते. क्लब वरून चेंडूपर्यंत येण्याचा हा प्रवास जेमतेम पाव सेकंदाचा असतो.

अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी १९६८ मध्ये 'द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' या ग्रंथात स्विंगची तुलना दुहेरी लंबकाशी केली. हात हा पहिला लंबक, क्लब हा दुसरा आणि मनगट ही त्यांच्यामधील बिजागरी. ही बिजागरी चेंडूजवळ येईपर्यंत दुमडलेली राहिली, तर क्लब ऐन वेळी वेगाने उलगडतो. नवशिका ती वरच उघडून टाकतो आणि वेग हवेतच वाया जातो. अमेरिकेचे विख्यात गोल्फपटू बेन होगन यांनीही १९५७ च्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात क्लब खाली आणण्याची सुरुवात कंबरेने करावी, असे बजावले होते. स्वतः होगन मध्यम उंचीचे आणि सडपातळ होते.

या शक्तीची किंमतही शरीरालाच मोजावी लागते. कंबर रोखून खांदे अधिकाधिक वळवल्यास पाठीच्या खालच्या मणक्यांवर मोठा ताण येतो. पाठदुखी ही गोल्फपटूंची नेहमीची तक्रार आहे. टायगर वुड्स यांच्या पाठीवर २०१४ पासून अनेक शस्त्रक्रिया झाल्या. २०१७ मध्ये त्यांचे दोन मणके एकमेकांशी सांधावे लागले. त्यानंतर २०१९ मध्ये त्यांनी मास्टर्स स्पर्धा जिंकली, हे त्यांच्या जिद्दीचे फळ. पण त्यामुळे धोका कमी ठरत नाही.

म्हणूनच हौशी खेळाडूने जोर वाढवण्याआधी क्रम सुधारावा. मूठ किंचित सैल ठेवावी, खांद्यांबरोबर कंबरेलाही वळू द्यावे आणि खाली येताना पहिली हालचाल पाय व कंबरेची असू द्यावी. असे केल्यास चेंडू दूर जाण्याची शक्यता वाढते आणि पाठीवरचा ताणही हलका होतो.