किल्ली मिळत नसेल तर

सुरतेतल्या महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात आयकराची धाड पडली की पूर्वी आधी तिजोरीच्या किल्ल्या मागायचे. आता मोबाइल टेबलावर ठेवायला सांगतात. हिरे कागदाच्या पुडीत असतात, पण ते कुणाला आणि कितीला गेले हे फोनमध्ये असतं.

या मागणीचं कूळ 1961 च्या आयकर कायद्यात, कलम 132 मध्ये सापडतं. किल्ली मिळत नसेल तर दार, पेटी, कपाट, तिजोरी यांचं कुलूप तोडण्याचा अधिकार अधिकाऱ्याला त्याने दिला. मालक गप्प बसला तरी काम अडत नसे. कुलूपवाला बोलवायचा, पंचांसमक्ष तोडायचं, पंचनाम्यात लिहायचं. कूटबद्ध हार्डडिस्कपुढे मात्र छिन्नी चालेना, तेव्हा कायदा कुलूप सोडून माणसाच्या मागे लागला. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 ने, आदेश देऊनही मजकूर उलगडायला मदत न करणाऱ्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद ठेवली. ब्रिटननेही त्याच वर्षी असा कायदा केला. तिथे एरवी दोनच वर्षं. शिक्षेच्या बाबतीत आपला हात सढळ! 2002 मध्ये आयकर कायद्यातही भर पडली: हिशेब संगणकात असतील तर ते तपासायची सोय करून द्या, नाहीतर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

आडवं येतं ते राज्यघटनेचं कलम 20(3). आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात (अपील दाखल झालं तेव्हा सुरतही मुंबई राज्यातच होती) 1961 साली सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांनी ठरवलं की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना ही साक्ष नव्हे. स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट सांगायला लावणं ही साक्ष. मग पासवर्ड कशात धरायचा? 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने झडतीचं वॉरंट आणून फोन उघडता येईल असं म्हटलं. 2022 मध्ये दिल्लीतल्या सीबीआयच्या विशेष न्यायालयाने आरोपीवर पासवर्डची सक्ती नाकारली, पण बोटाने उघडणाऱ्या फोनला ते संरक्षण दिलं नाही.

2025 च्या नव्या आयकर कायद्यातलं कलम 247 ही त्याच घराण्यातली ताजी पिढी. किल्लीच्या जोडीला आता प्रवेश-संकेत आला आहे: तो मिळत नसेल तर तो ओलांडून संगणकात, ई-मेलमध्ये, समाजमाध्यमांच्या खात्यातही शिरता येतं. तिजोरीत फार तर रोकड आणि दागिने सापडत. फोनमध्ये घरच्यांची औषधं आणि भांडणंही असतात. एवढ्या मोठ्या दारासाठी खात्यातल्याच वरिष्ठाची सही पुरते, न्यायाधीशाची लागत नाही. ती लागायला हवी.